थंडी पडली, आता गावातली कागदाची कामं उरकून घ्या

खान्देश म्हटलं की बाहेरच्या लोकांना मे महिनाच आठवतो, जळगाव-भुसावळचं ४५ डिग्रीचं ऊन, पण इथली थंडी पण काही कमी नसते हो. डिसेंबर लागला की धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात पारा किती खाली आला हे रोज पेपरात येतं, तिकडे सातपुड्यात तोरणमाळ, डाब भागात गवतावरचं दव गोठून पांढरं होतं आणि त्याचे फोटो सगळ्या ग्रुपवर फिरतात. आमचं गाव गिरणाकाठचं, भडगाव तालुक्यातलं, इथे काही गोठत वगैरे नाही पण पहाटे नदीकडून जी गार हवा येते ना, ती गोधडीतून पण आत शिरते.

माझं बसस्टँडजवळ झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं छोटं दुकान आहे, त्यामुळे गावात कोणाचं काय अडलंय हे आपोआप कळत जातं. आणि दर थंडीत मला एकच गोष्ट खटकते, की महत्त्वाच्या मुदती, सभा, नोंदी सगळ्या ह्याच तीन-चार महिन्यांत येतात, आणि त्याची बातमी जाते कोणाकडे, तर ज्याला आधीच सगळं माहीत असतं त्याच्याकडे. नोटीस ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चिकटवतात, व्हॉट्सॲपवर पीडीएफ येते, झालं. ज्या आजीला वाचता येत नाही, जो माणूस सकाळी सहाला कापसात जातो आणि अंधार पडल्यावर घरी येतो, जे कुटुंब दिवाळी झाली की ऊसतोडीला निघून जातं, त्यांना कोण सांगणार? म्हणून ह्या वेळी मला जे नीट माहीत आहे ते सगळं एका जागी लिहितेय, लांब होईल पण वाचा, आणि घरात ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा.

सुरुवात अंगठ्यापासून करते, कारण थंडीत माझ्या दुकानात सगळ्यात जास्त लोक ह्याच कामासाठी येतात. परवा एक आजी आल्या, टेबलावर दोन्ही पंजे उलटे करून ठेवले आणि म्हणाल्या, "ताई वं, मन्हा अंगठाच येस नही." मी हात हातात घेऊन बघितले. कापूस वेचून वेचून बोंडाची वाळलेली टोकं बोटांच्या पेरांना लागतात, त्याच्या बारीक बारीक चिरा पडलेल्या, त्यात थंडीने कातडी उललेली, अंगठ्यावरच्या रेघा म्हणाव्या तर उरल्याच नव्हत्या, नुसत्या भेगा आणि भेगांत बसलेली काळी माती. रेशनच्या दुकानात मशीनने नाही म्हटलं, तिथून परत पाठवलं, बँकेच्या माणसाकडे गेल्या तर तिथेही तेच, आणि ह्या बाईच्या नावावर धान्य पण आहे आणि खात्यात पैसे पण आहेत. स्वतःचंच असून हातात येत नाही.

तर असं झालं तर काय करायचं ते सांगते. आधी कोमट पाण्याने हात धुवा, नीट पुसा, खोबरेल तेलाचं बोट फिरवून परत कपड्याने पुसून काढा, तेल राहिलं तर मशीन पुन्हा घेत नाही. अंगठाच लावायचा असा काही नियम नाही, आधार काढताना दहाही बोटांचे ठसे घेतलेले असतात, करंगळीच्या शेजारचं बोट लावून बघा, त्या बोटाला काम कमी असतं त्यामुळे ते बऱ्याचदा चालतं. घरातल्या दुसऱ्या कोणाचं नाव कार्डावर असेल तर त्याच्या बोटावर पण धान्य मिळतं. दुकानदाराकडे नवीन मशीन असेल तर डोळ्यांचं स्कॅनर असतं, ते मागा, लाजू नका. मोबाईल नंबर आधारला जोडलेला असेल तर ओटीपीचा पण रस्ता आहे, पण नंबर जोडलेलाच नसतो, किंवा मुलाचा जुना बंद पडलेला नंबर असतो, म्हणून ते काम आत्ताच करून घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ठसा जुळला नाही म्हणून कोणाला धान्य नाकारायचं नाही हे केंद्राच्या अन्न विभागाने २०१७ मध्येच राज्यांना कळवलेलं आहे. दुकानदाराने वहीत नोंद करून धान्य द्यायचं असतं. तो नाहीच म्हणाला तर तहसील कार्यालयात पुरवठा विभाग आहे, तिथे लेखी द्या. हात फाटतात ते राबल्यामुळे फाटतात, आणि राबणाऱ्याच माणसाला धान्य मिळू नये, हे मला अजिबात पटत नाही, आणि ह्यात चूक त्या आजीची काहीच नाही हे घरातल्या पोरांनी पण लक्षात ठेवा, उगाच म्हातारीवर ओरडू नका.

अंगठ्याला लागूनच हयातीच्या दाखल्याचं आहे. सरकारी पेन्शनवाल्यांचं नोव्हेंबरमध्ये असतं, ते बहुतेकांना पाठ आहे. पण एसटीतून, सूतगिरणीतून, साखर कारखान्यातून रिटायर झालेले आपल्याकडे खूप आहेत, त्यांची ईपीएस ९५ ची, म्हणजे पीएफ ऑफिसकडून येणारी पेन्शन, ती आधीच एवढीशी, त्यांना वर्षात केव्हाही दाखला देता येतो आणि दिल्या दिवसापासून तो एक वर्ष चालतो. म्हणजे मागच्या वर्षी जानेवारीत दिला असेल तर ह्या जानेवारीत संपतो, नोव्हेंबरची वाट बघायची नाही. आणि आता चेहऱ्यावर पण होतं, २०२१ पासून जीवन प्रमाणच्या ॲपमध्ये फोनच्या कॅमेऱ्याने चेहरा दाखवून दाखला निघतो, घरी अंथरुणावर असलेल्या माणसाचा पण. फक्त उजेड चांगला पाहिजे, दुपारी ओट्यावर उन्हात बसवून करा, पहाटे पाचच्या अंधारात मफलर गुंडाळलेला चेहरा कोणताच कॅमेरा ओळखणार नाही.

संजय गांधी निराधार आणि श्रावणबाळवाल्यांचं वेगळं आहे. ह्यात उत्पन्नाची अट वर्षाला २१ हजार आहे, दाखला तहसीलदारांचा लागतो, आणि दर वर्षी आपण हयात आहोत हे कळवावं लागतं. पैसे आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, त्यामुळे दोन बँकांत खाती असतील तर पैसे दुसऱ्याच खात्यात जाऊन पडतात आणि माणूस म्हणतो माझी पेन्शन बंद झाली. असं वाटलं तर आधी आधारला कोणतं खातं जोडलंय ते तपासा, ते फोनवर दोन मिनिटांत दिसतं, कोणाला त्यासाठी पैसे देऊ नका.

पैशावरून आठवलं. दाखल्यांसाठी लोक अजून "कोणाला भेटावं लागंल" असं विचारत येतात. कोणाला भेटावं लागत नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला, त्यात कोणता दाखला किती दिवसांत द्यायचा आणि त्याला फी किती हे ठरलेलं आहे आणि प्रत्येक कार्यालयात त्याचा बोर्ड लावायलाच पाहिजे. ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा, म्हणजे घराच्या नोंदीचा उतारा घ्या, त्याला पाच दिवस आहेत. अर्ज दिला की पोच घ्या, नंबर आणि तारखेची. मुदत टळली किंवा नाही म्हणाले तर ३० दिवसांच्या आत पहिलं अपील करता येतं, मग दुसरं, मग थेट सेवा हक्क आयोग. आणि विनाकारण उशीर केला तर त्या अधिकाऱ्याला ५०० पासून ५००० रुपयांपर्यंत दंड आहे. मी लोकांना एवढंच सांगते की पोच मागा. पोच मागितली की निम्मी कामं तिथेच हलतात, कारण तारीख कागदावर आली ना मग समोरच्याला पण माहीत असतं दिवस मोजायला लागले म्हणून.

आता शेतीचं. गहू-हरभऱ्याला पाणी सुरू आहे, गिरणा धरण नाशिक जिल्ह्यात नांदगाव तालुक्यात पण जीव आमचा त्याच्यावर, साडेअठरा टीएमसीचं धरण, भरलं तर चाळीसगाव-भडगाव-पाचोऱ्याकडच्या लोकांच्या चेहऱ्यावर दिसतं. रब्बीचं आवर्तन, म्हणजे पाटाच्या पाण्याची पाळी पाहिजे असेल तर पाटबंधारे विभागाकडे नमुना ७ चा पाणी मागणी अर्ज भरावा लागतो, मागची बाकी काय आहे ते बघून घ्या, बाकी असली की अर्ज अडतो. हे दर वर्षी होतं, पाणी पाटाला आलं की मग धावपळ, आणि शेवटच्या चारीवरचा शेतकरी कोरडाच राहतो, कारण मागणीच नोंदलेली नसते मग पाणी तिथपर्यंत सोडणार कशाला?

ई-पीक पाहणी रब्बीची डिसेंबरपासून चालू होते, ती करा, खरंच करा. स्वतः शेतात उभं राहून ॲपमधून पिकाचा फोटो काढायचा असतो, घरी बसून होत नाही. सातबाऱ्यावर पीकपेरा कोरा राहिला की पुढे अवकाळी झाला, गारपीट झाली, किंवा हमीभावाने हरभरा विकायला गेले की मग लोक सातबारा घेऊन रडत येतात. ज्यांच्याकडे साधा फोन आहे त्यांच्यासाठी गावात सहाय्यक नेमलेले असतात, तलाठी आप्पांना त्याचं नाव विचारा. शेजारच्याच्या फोनवरून पण करता येतं, त्यामुळे एखाद्या शिकलेल्या पोराने शनिवार-रविवार काढून आपल्या शिवारातल्या म्हाताऱ्या माणसांची पाहणी करून दिली तर केवढं काम होईल.

केळीवाल्यांना थंडीचं सांगायची गरज नाही, त्यांची झोपच उडालेली असते. रावेर-यावल-चोपड्याकडे आणि आमच्या पट्ट्यात पण, पारा दहाच्या खाली गेला की पानं पिवळी पडतात, निसवण अडकते, म्हणजे घड पोग्यातून नीट बाहेरच येत नाही, ह्यालाच चरका बसणं म्हणतात. ऊबेसाठी पहाटे पाणी द्यायचं कारण विहिरीचं पाणी हवेपेक्षा कोमट असतं, बांधावर ओला-सुका कचरा पेटवून धूर करायचा, घडाला स्कर्टिंग बॅग घालायची. ह्याच्यात अवघड असं की केळीला रात्रीचं पाणी चालतं पण माणसाला कुठे चालतं? लाईन एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री, रात्रीच्या आठवड्यात माणूस दोन वाजता बॅटरी घेऊन बांधावर उभा, पायाखाली साप, आणि सातपुड्याच्या पायथ्याला आणि चाळीसगावकडे बिबट्याची भीती आहेच. दिवसा वीज मिळावी म्हणून सौर कृषी वाहिनी योजना आहे, त्यासाठी ग्रामपंचायतीची पडीक जागा देता येते, आणि तो ठराव ग्रामसभेत होतो. सभेबद्दल पुढे लिहिते. फळपीक विम्यात कमी तापमानाचा धोका पण धरलेला आहे, पण भरपाई आपल्या मंडळातल्या हवामान केंद्राच्या आकड्यावर ठरते, आपल्या शेतातल्या थर्मामीटरवर नाही, म्हणून आपल्या मंडळाचं केंद्र कुठे आहे, चालू आहे का, हे एकदा जाऊन बघून या. केंद्राच्या डोक्यावर झाड वाढलेलं असेल किंवा ते बंद पडलेलं असेल तर आत्ताच कृषी कार्यालयात लेखी कळवा.

जे गावात नाहीत त्यांच्याबद्दल पण लिहायलाच पाहिजे. आमच्या तालुक्यातून, चाळीसगावकडून ऊसतोडीला जातात, नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागातले लोक तर गुजरातला बारडोलीपर्यंत जातात, दिवाळीनंतर निम्मा पाडा रिकामा. ह्या लोकांना दोन गोष्टी जाण्याआधी कोणीतरी सांगायला पाहिजेत. रेशन देशात कुठेही मिळतं, एक देश एक रेशन कार्ड आहे, तिथल्या दुकानात कार्डाचा नंबर आणि बोट, एवढंच लागतं, आणि घरी राहिलेल्या आजी-आजोबांना त्याच कार्डातलं त्यांच्या वाट्याचं इथे उचलता येतं. आणि मुलांना न्यायलाच पाहिजे असं नाही, शाळा व्यवस्थापन समितीने मागणी केली तर हंगामी वसतिगृह सुरू करता येतं, मुलं आजीकडे राहून शाळेत जेवतात-शिकतात. ज्या गावात शिक्षक मनावर घेतात तिथे हे छान चालतं, मी बघितलंय. पण मागणी वेळेत जायला लागते, मुकादमाची गाडी येऊन उभी राहिल्यावर नाही.

तब्येतीचं थोडक्यात. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, खूप आहे, आणि थंडीत अंग गार पडलं की सिकलसेलवाल्याला असह्य दुखणं उठतं, सांधे, पोट, पाठ. त्या माणसाला कोमट पाणी भरपूर प्यायला द्या, अंग झाकून ठेवा, आणि दुखणं वाढलं तर भगताकडे रात्र घालवू नका, १०८ ला फोन करा. तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते, लग्न ठरायच्या आधी दोघांची करा. दुसरं म्हणजे बंद खोलीत शेगडी किंवा घमेल्यात निखारे ठेवून झोपू नका, त्या निखाऱ्यांच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला कळतच नाही. ऊसतोडीच्या कोप्यांत आणि शेतातल्या खोल्यांत हे हमखास करतात, त्यांना फोन करून सांगा.

आणि आता ग्रामसभा. आत्ता सगळीकडे भरीत पार्ट्या चालू आहेत, चंपाषष्ठीपासून जे सुरू होतं ते संक्रांत होईपर्यंत, बामणोदची नाहीतर आसोद्याची हिरवी-पांढरी वांगी, कापसाच्या काड्यांवर भाजायची, बडजीत, म्हणजे लाकडी भांड्यात कुटायची, वरून कांद्याची पात, मिरची, शेंगदाणे, आणि सोबत कळण्याची भाकरी. शेतात दहा-वीस माणसं जमतात आणि तिथे काय बोलतात माहितीये? गटार, नळाचं पाणी, रस्त्यावरचे खांब, घरकुलाची यादी, अंगणवाडीचं गळणारं छप्पर. सगळी चर्चा अगदी बरोबर असते! तीच माणसं २६ जानेवारीला झेंडावंदन झालं की जिलेबी घेऊन घरी जातात आणि मागे ग्रामसभेत खुर्च्या रिकाम्या.

नियम काय आहे बघा. ग्रामसभेला गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, ह्यातली जी संख्या कमी असेल तेवढी लागतात. तेवढी आली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब झालेली सभा परत घेतली की तिला माणसांच्या संख्येची अटच नाही. म्हणजे आपण गेलो नाही म्हणून सभा थांबत नाही, ती नंतर थोड्या लोकांत होते आणि ठराव सगळ्या गावाच्या नावाने होतो. मी तर म्हणते गावाचं वर्षभराचं जे काय व्हायचं ते तिथेच होतं. पुढच्या वर्षाचा गावाचा विकास आराखडा ह्याच दिवसांत बनतो, १५ व्या वित्त आयोगाच्या (२०२१ ते २०२६) पैशातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचे होते, ते कुठे केले ते विचारा. ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणाला, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवायचे असतात, ते पण विचारा. भांडायला नाही, विचारायला. हिशोब वाचून दाखवा म्हटलं की दाखवावाच लागतो.

आणि बायकांनी तर नक्की या. मुख्य सभेच्या आधी महिला सभा घ्यायची असते, ती बऱ्याच गावांत रजिस्टर घरोघरी फिरवून सह्यांवर होते, सही मागायला कोणी आलं तर सभा कुठे आणि किती वाजता ते विचारा, आणि सभा झाल्याशिवाय सही करू नका. आपल्याकडे धुळ्याच्या पांझरा नदीवर फड पद्धत शेकडो वर्षं चालली, कोणत्या फडात कोणतं पीक आणि पाण्याची पाळी कोणाची हे शेतकरी एकत्र बसून ठरवायचे, पाटकरी ते पाणी फिरवायचा आणि कोणी मध्येच पाट फोडायचा नाही. एकत्र बसून ठरवणं हे आपल्या लोकांना कोणी नव्याने शिकवायची गरज नाही, फक्त बसायला यायला पाहिजे.

सभेची नोटीस सात दिवस आधी निघते. मी सरपंच ताईंना भेटून आले, त्यांना म्हटलं फळ्यावर लावा पण दवंडी पण द्या, मंदिराच्या भोंग्यावरून पण सांगा, आणि आदिवासी वस्तीत स्वतः माणूस पाठवा. त्या हो म्हणाल्या आहेत. माझे दोन विषय मी ग्रामपंचायतीत लेखी दिलेत आणि पोच घेतलीये. एक, गावात महिन्यातून एक दिवस आधार दुरुस्तीचा कॅम्प लावावा, म्हणजे ज्यांची बोटं उमटत नाहीत त्यांना भडगावला खेपा घालायला नकोत. दुसरा, पुढच्या वर्षी ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची यादी दसऱ्यालाच करून शाळेला द्यावी. २६ तारखेला झेंडावंदन झालं की शाळेच्या पटांगणातच सभा आहे, सकाळी गारठा असतो, शाली घेऊन या.